ट्रेलर जोडणारे सोनकांबळे मिस्त्री

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही वर्षं एक दृश्य हमखास दिसायचं. पुढे सळयांनी लादलेला लांबलचक ट्रेलर, आणि त्याच्या मागे थोडं अंतर राखून जुन्या मोटारसायकलवर एक किडकिडीत माणूस. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, मान एका बाजूला कललेली, कान गाडीकडे. नवख्या ड्रायव्हरला वाटायचं, कुणीतरी आपल्या मागावर आहे. जुने ड्रायव्हर आरशात बघून हसायचे आणि पहिला मोठा चढ संपला की हात बाहेर काढून हलवायचे. मग तो माणूस मोटारसायकल वळवायचा.

ते प्रल्हाद सोनकांबळे मिस्त्री. स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीवर त्यांचा विश्वास नसायचा. दुसऱ्याच्या कामाला ते एखाद्या वेळी "बरं हाय" म्हणत. स्वतःच्या कामाला मी तरी त्यांना असं म्हणताना ऐकलं नाही.

मी तेव्हा लातुरात एका वाहतूक कंपनीत गाड्यांचा सुपरवायझर होतो. ट्रेलरवाल्या गाडीचे दोन भाग असतात. पुढे इंजिन आणि ड्रायव्हरची केबिन, त्याला सगळे घोडा म्हणतात. आणि मागे माल वाहणारा ट्रेलर. घोड्याच्या पाठीवर एक जाडजूड लोखंडी ताट बसवलेलं असतं. त्याचं नाव फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवं चाक, पण ते फिरत-बिरत नाही. त्याच्या मधोमध खाच आणि खाचेत जबडा. ट्रेलरच्या पोटाखाली मनगटाएवढी एक पिन असते, ती त्या जबड्यात अडकते. तीस-चाळीस टनांचा माल एवढ्याशा पिनेवर ओढला जातो. जबडा झिजला, पिन झिजली की गाडी धक्के मारायला लागते. लातुरात इंजिनाचे मिस्त्री पुष्कळ होते. पण फक्त हा जबडा, हे ताट आणि ही पिन एवढंच काम करणारे सोनकांबळे एकटेच.

त्यांची माझी ओळख आमच्या गफूरभाईंमुळे झाली. गफूरभाई आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, औशाचे. ते पंधरा दिवस मला सांगत होते, "साब, गाडी झटका देऊन राहिली. ब्रेक दबाया के पीछेसे कोई लात मारताय." मी म्हणायचो, क्लच नीट सोडा. शेवटी ते एकदा तावातावानं म्हणाले, "हौला, येडा समझे क्या मेरे को? सोनकांबळेके पास चलो, तुमीबी चलो."

नांदेड रस्त्याला पत्र्याचं शेड होतं. समोर मोकळं मैदान, वजन उचलायची एक लोखंडी चौकट आणि तिला टांगलेली चेनपुली. सोनकांबळेंनी गफूरभाईंचं ऐकलं, माझं ऐकलं नाही. ट्रेलरचे ब्रेक धरून ठेवायला सांगितले आणि घोडा अगदी हळू पुढेमागे करायला लावला. मग माझा हात धरून माझा तळहात ट्रेलरच्या कडेला टेकवला.

"कळलं का काई?"

आत कुठेतरी टक् झालं. पुन्हा टक्. ते हातातून पार कोपरापर्यंत आलं.

"खेळ हाय," ते म्हणाले. "लई खेळ हाय. पाव इंच हिकडं, पाव इंच तिकडं. पंधरा दिस कोण बसून राहिलं व्हतं याच्यावर?"

मी गफूरभाईंकडे बघायचं टाळलं.

घोडा सुटा केला. त्यांनी पत्र्याच्या तुकड्यानं जुनं वंगण खरवडून काढलं, डिझेलनं ताट धुतलं. काढलेलं वंगण बोटांत चोळून उन्हात धरलं. त्यात चांदीसारखी चकाकी होती. "हे बगा, जबडा चाललाय रस्त्यानं सांडत." मग ते ट्रेलरखाली गेले, पिनेला माप लावलं, माप खिशात घातलं आणि नुसता अंगठा पिनेवरून फिरवला. पिन एका अंगानं झिजली होती.

"पिनबी बदलावी लागते."

मी म्हणालो, "आज जबडा बसवा. पिन पुढच्या महिन्यात बघू."

"मग जबडाबी पुढच्या महिन्यात बसवू," म्हणून ते चालायलाच लागले. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्या मागे चालावं लागायचं. ते एका जागी उभे राहत नसत. चहासुद्धा बशीत ओतून मैदानात फेऱ्या मारत प्यायचे. मी दोन फेऱ्या त्यांच्या मागे मारल्या. तिसऱ्या फेरीत ते वळले. "झिजलेल्या पिनेवर नवा जबडा घातला की तोबी तसाच झिजतो, साहेब. आन तुमी लोकांला सांगणार, सोनकांबळेनं बसवला व्हता."

पिन बदलली. गफूरभाई गाडी घेऊन परतले तेव्हा त्यांनी मला काही ऐकवलं नाही, पण ऑफिसात सगळ्यांसाठी भजी आणली.

'खेळ' हा त्यांचा शब्द होता. कशालाही लावायचे. आमच्या ऑफिसात येऊन खुर्ची हलवून बघायचे आणि म्हणायचे, "खेळ हाय." मुलीला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाबद्दल त्यांनी बायकोला सांगितलं, "पोरगा सरकारी हाय, दिसायला बरा हाय, पर बोलण्यात खेळ हाय." ते स्थळ बारगळलं. त्यांच्या बायकोचं नाव मंदाबाई. त्या अंगणवाडीत शिकवायच्या. त्यांनीच मला हे सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "पुढं तो पोरगा लाच घेताना सापडला. तवापासून ह्यांचा शब्द घरात लई चालतो, काय करावं?"

सुजाताचं, म्हणजे त्या मुलीचं लग्न उदगीर रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये झालं. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, पंगती बसल्या. सोनकांबळे पांढऱ्याशुभ्र कपड्यात वरणाची बादली घेऊन वाढत होते. हॉलसमोर रस्त्यावर गतिरोधक होता. एक ट्रेलर त्याच्यावरून गेला आणि पाठोपाठ दोनदा खडखडलं. मी जेवत होतो. माझं तिकडे लक्षही गेलं नाही. मान वर केली तर सोनकांबळे बादलीसकट दारातून बाहेर पडलेले.

आम्ही मागे धावलो. त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून बादली वर धरली होती. ट्रेलर थांबला. ड्रायव्हर तेलुगू बोलणारा, पलीकडच्या राज्यातला. त्याला वाटलं, लग्नाचं जेवण देताहेत. तो हात जोडत खाली उतरला आणि बादली घेऊन हॉलकडे चालू लागला. सोनकांबळे तोवर गाडीखाली.

अर्ध्या तासानं ते परत आले. पांढऱ्या सदऱ्यावर वंगणाचा हाताएवढा काळा पट्टा. सुजाताचे डोळे भरून आले. "पप्पा, आज तरी."

"दोन बोल्ट ढिले व्हते, सुजे. ताटच हालत व्हतं. इथून पुढं उतार हाय बाई." असं म्हणून ते तसेच फोटोला उभे राहिले. त्या फोटोत सगळे हसताहेत. एका कडेला जिलबी हातात घेतलेला ड्रायव्हरही आहे.

तेव्हा ते गाड्यांच्या मागे जात नसत. ते नंतर सुरू झालं. त्या 'नंतर'ची गोष्ट मी आजवर फार लोकांना सांगितलेली नाही.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. गफूरभाईंच्याच गाडीचं फिफ्थ व्हील या वेळी अख्खं बदलायचं ठरलं होतं, कारण ताटालाच तडा गेला होता. मालानं भरलेला ट्रेलर त्याच्या पुढच्या लोखंडी पायांवर शेडसमोर उभा, आणि घोडा आत. नांदेडला एका पुलाचं काम चालू होतं; तिथले इंजिनिअर सळयांसाठी मला सकाळपासून फोन करत होते. त्यांचा एक फोन आला की मी सोनकांबळेंना एक करायचो.

पहिल्या फोनला ते म्हणाले, "बोल्ट आवळून राहिलो."

दुसऱ्या फोनला म्हणाले, "वंगण लावून राहिलो. जोडायचं बाकी हाय."

तिसऱ्या फोनला मी त्यांना बोलू दिलं नाही. मी म्हणालो, "जोडली का? ओढून बघितली ना? मग सोडा. जबाबदारी माझी, मिस्त्री. सोडा गाडी."

जोडणी झाल्यावर ते एरवी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरायचे आणि जबडा पिनेभोवती नीट मिटलाय का, हे डोळ्यांनी बघायचे. त्या दिवशी जबडा उघडमीट करणारा दांडा आत गेलेला दिसला, घोड्यानं थोडं ओढून बघितलं तर ट्रेलर हलला नाही, आणि फोन वाजत होता. त्यांनी गाडी सोडली.

ट्रेलर पायांवर वाजवीपेक्षा उंच उभा होता. घोडा मागे आला तेव्हा पिन जबड्यात उतरलीच नाही, वरच टेकून बसली. जबडा मिटला, पण रिकामा. हलक्या ओढीला तेवढा टेकाही पुरतो. चाकूरच्या अलीकडे चढाला एक खड्डा लागला, पिन उसळली आणि घोडा एकटाच पुढे गेला.

ट्रेलरचं तोंड रस्त्यावर आपटलं, तो डाव्या अंगाला कलला आणि सळयांचे भारे सुटून खाली घसरले. तिथे कडेला गयाबाई नावाची एक बाई सीताफळं विकायला बसायची. आवाज ऐकून ती उठली, पळाली, पण एका भाऱ्याचं टोक तिच्या पायावर आलं.

मी पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. गफूरभाई कडेच्या दगडावर बसून होते. सोनकांबळे माझ्या आधी येऊन पोचले होते. ते ट्रेलरभोवती सारखे फिरत होते, पिनेला हात लावत होते, परत फिरत होते. सळयांखाली सीताफळांचा पांढरा गर पसरला होता. त्यांची चप्पल त्यात भरली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

पोलीस जमादारानं विचारलं, "जोडणी कुणी केली?"

"म्या," सोनकांबळे म्हणाले. "खाली वाकून बगायला पायजे व्हतं. बगितलं न्हाई."

"का नाही बघितलं?"

ते गप्प राहिले. मी चार पावलांवर उभा होतो. माझा फोन खिशात होता, आणि त्यांच्या फोनमध्ये माझे तीन कॉल होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी काही बोललो नाही.

पुढे विम्याच्या माणसालाही त्यांनी तेच सांगितलं. आमच्या मालकांनी मला बोलावून सांगितलं की यापुढे एकही गाडी सोनकांबळेंकडे जाणार नाही. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या दुसरीकडे पाठवायला लागलो. गफूरभाई तेवढे ऐकेनात. आठवडाभर रजा घेऊन ते परत आले आणि पहिलं काम म्हणजे गाडी घेऊन सोनकांबळेंकडे गेले. मी विचारल्यावर म्हणाले, "साब, जो अपनी गलती मानता, उसीके हात की गाडी मैं चलाऊंगा. दुसऱ्याच्या हातची मला भीती वाटते." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला वाटलं. त्यांना काही ठाऊक होतं की नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही.

तेव्हापासून मोटारसायकल सुरू झाली. एकही गाडी अशी नव्हती की जिच्या मागे ते पहिल्या मोठ्या चढापर्यंत गेले नाहीत. पावसात जायचे, भर उन्हात जायचे. लोक चेष्टा करायचे. एकदा औसा रस्त्याला एका गाडीचा आवाज त्यांना पटेना. चढ संपला, औसा मागे पडलं, तरी ते मागेच. ड्रायव्हर हात हलवून हलवून दमला. मंदाबाईंनी जेवायला फोन केला.

"कुठं हाव?"

"औशाच्या फुडं."

"किती फुडं?"

"तुळजापूरचा बोर्ड दिसून राहिलाय."

"मग दर्शन घेऊनच या आता," म्हणून त्यांनी फोन ठेवला. गाडीत नुसती मागची साखळी वाजत होती. ती बांधून ते परतले तोवर दुपारचं जेवण संध्याकाळवर गेलं होतं.

मंदाबाई हे हसत सांगायच्या. पण एकदा बाजारात भेटल्या तेव्हा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झोपंतबी हात हालतेत त्यांचे. दांडा आत ढकलल्यासारखे. तुमी त्यांचे जवळचे हाव, तुमी सांगा की काही." मी हो म्हणालो. सांगितलं नाही.

गयाबाईचा पाय जुळला, पण ती लंगडत राहिली. सीताफळांच्या हंगामात सोनकांबळे पहाटेच तिच्या शेतावर जायचे, मोटारसायकलला दोन्हीकडे टोपल्या बांधायचे आणि तिच्या जागेवर आणून ठेवायचे. ती जागा त्यांनी रस्त्यापासून चांगली वीस पावलं आत, एका लिंबाखाली हलवायला लावली होती. मी एकदा तिथून जाताना थांबलो. ती त्यांना ओरडत होती, "आवं मिस्त्री, सारखं गाडीकडं काय बगताव? बसा की खाली. पाच वर्सं झाली, एक सीताफळ खाल्लं न्हाई तुमी माझं."

"खातो की," म्हणत ते टोपल्या उतरवत राहिले. मी गाडीतून उतरलो नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. त्यानंतर डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोटारसायकल चालवता येईना, आणि मागे जाता येत नसेल तर गाडी हातात घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. शेड बंद झालं. सुजाता नांदेडला नर्स होती. ती दोघांनाही घेऊन गेली.

ते वारले त्याच्या महिनाभर आधी मी नांदेडला त्यांना भेटलो. घरी मंदाबाई एकट्याच होत्या. "पंपावर गेलेत," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी जातेत. तिथं गाड्या थांबतेत." आणि दार लावता लावता म्हणाल्या, "तुमी आलाव, बरं झालं."

पेट्रोल पंपाच्या मागे मोठं मैदान होतं. दहा-बारा ट्रेलर उभे. ड्रायव्हर आंघोळी करत होते, स्टोव्हवर काहीबाही शिजत होतं. सोनकांबळे काठी टेकत एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे चालले होते. अंग पार वाळलं होतं, पण चाल तीच. मला बघून थांबले नाहीत. "चला," म्हणाले. मी मागे चालू लागलो.

ड्रायव्हर त्यांना ओळखत होते. ते कुणाकडून काही घेत नसत. काठीनं जबड्याचा दांडा दाखवायचे आणि विचारायचे, "वाकून बगितलं का?" कुणी हो म्हणायचा, कुणी "बाबा, आत्ता बघतो" म्हणायचा.

मी त्यांना म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी फोनवर म्हणालो होतो, जबाबदारी माझी."

"म्हणला व्हता."

"मी तिथं बोलायला पाहिजे होतं."

ते चालत राहिले. एक अख्खी गाडी ओलांडली. मग म्हणाले, "वाकायचं काम माझं व्हतं, साहेब. फोन म्या उचलला नसता तरी चाललं असतं."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. काठी टेकून ते पहिल्यांदाच थांबले, आणि माझ्याकडे नीट पाहिलं. ऑपरेशन झालेले डोळे उन्हात मिचमिचत होते.

"पर तुमी बोलला असता तर बरं झालं असतं. माझं जाऊ द्या. माझ्या मंदाला लोक लई बोलले."

मी माफी मागण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचं लक्ष शेजारच्या ट्रेलरकडे गेलं. नुकताच जोडला होता. ड्रायव्हर केबिनमध्ये चढत होता. सोनकांबळेंनी काठीनं दार ठोकलं, त्याला खाली उतरवलं आणि काठी माझ्या हातात दिली. गुडघे धरून, कण्हत, आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा, असे ते पाठीवर आडवे झाले आणि सरकत सरकत आत गेले. बाहेर फक्त दोन पाय उरले, टाचा भेगाळलेल्या, एका चपलेचा अंगठा तुटलेला.

मला परतायचं होतं. लातूरची बस होती. मी वाकून म्हणालो, "मिस्त्री, निघतो मी."

घोडा आणि ट्रेलर यांच्या मधल्या फटीतून त्यांचा हात वर आला, काळ्या वंगणानं मनगटापर्यंत माखलेला. पाचही बोटं पसरलेली. थांबा.

ड्रायव्हर दार धरून उभा होता. मी त्याच्या शेजारी, हातात काठी घेऊन, उभा राहिलो.